जुलैच्या अंकातलं टिंब

ते खोकं जमिनीवर ठेव, हायातो. टेबलावर नको, काच जुनी झालीय. इत्सुकी, शटर अर्धं ओढून घे. या वेळेला मात्सुमोतोत कोण कॉफी प्यायला येतंय? बसा दोघं.

झाली सगळी मासिकं चाळून? एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, सगळे अंक आहेत आणि जुलै ब्याऐंशीचा तेवढा नाही. माहीत आहे मला. तो माझ्याकडे नाहीच, आणि असता तरी तुम्हाला दिला नसता. तोंड पाडू नकोस, इत्सुकी. तुमच्या त्या टेबलाच्या यंत्राची आकृती फक्त त्याच अंकात छापली होती, हेही मला माहीत आहे. आठ महिने तुम्ही दोघं जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालताय. माझा एक मित्र त्याच अंकासाठी छत्तीस वर्षं फिरला.

त्याचीच गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. हिरुमा तेत्सुजी त्याचं नाव. तू बसलायस ना हायातो, त्याच खुर्चीत बसून त्यानं मला हे सांगितलं. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

हिरुमा तरुणपणी तोक्योत याच मासिकात आकृत्या काढायचा. तेव्हा गल्लोगल्ली कॉफीच्या दुकानांत ही व्हिडिओ गेमची टेबलं होती. आत पडदा, वर काच, दोघं समोरासमोर बसून खेळणार आणि कॉफी थंड करणार. यंत्र बिघडलं की कंपनीचा माणूस डोंगरातल्या गावाला यायचा पंधरा दिवसांनी. मग गावातलाच कोणीतरी हे मासिक पुढ्यात उघडून बसायचा आणि आकृतीबरहुकूम तारा जोडायचा. त्या लोकांना दुसरा गुरू नव्हता.

आकृतीत दोन तारा एकमेकींवरून जातात, तिथे टिंब असलं तर त्या जोडायच्या. टिंब नसलं तर नुसत्या ओलांडून गेलेल्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही. एवढं तुम्हाला मी पहिल्याच दिवशी शिकवलंय. हिरुमानं त्या टेबलाची आकृती काढली आणि शेवटी पेनातून एक थेंब पडला. नेमका अशाच एका ठिकाणी. आत येणारी फेजची तार आणि टेबलाच्या कडेच्या लोखंडी पट्टीची तार, या दोघींच्या वर. म्हणजे जोडलं की पट्टीतच वीज.

"मी ते पाहिलं होतं रे," तो म्हणायचा. "शाई वाळली की ब्लेडनं खरवडू म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला. मग जेवायला गेलो. मग… राहिलं."

तसंच छापलं गेलं. एका वाचकानं पत्रानं कळवलं, तोवर ऑगस्टचा अंक छापून झाला होता. सप्टेंबरच्या अंकात चौऱ्याण्णवाव्या पानावर चूक-दुरुस्ती आली. बारीक अक्षरात, तीन ओळी.

ऑक्टोबरात कचेरीत एक पत्र आलं. हिरुमानंच ते फोडलं. लिहिणाऱ्या बाईंचं नाव कुसाका फुमिए. मासिक पाठवणं बंद करावं, एवढंच म्हणणं. माझे पती ऑगस्टात आमच्या दुकानातलं टेबलाचं यंत्र दुरुस्त करताना शॉक लागून वारले. आपण पाठवत होता त्याबद्दल आभार.

आभार मानले होते त्या बाईंनी! हिरुमानं यादीतून नाव काढलं, पत्र घडी घालून खिशात टाकलं आणि कोणाला काही बोलला नाही. वर्षभरात नोकरी सोडून इथे मात्सुमोतोला परत आला, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करू लागला. आणि तो अंक शोधू लागला. सापडेल तिथून उचलायचा, त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायचा आणि कपाटात ठेवून द्यायचा. छत्तीस वर्षांत एकसष्ट प्रती झाल्या.

मी त्याला चिडवायचो. "अरे, छापल्या साडेचार हजार. शंभरी तरी गाठणार का तू मरायच्या आधी?"

"हल्ली तरुण पोरं ही यंत्रं परत चालू करायला लागलीत," तो म्हणायचा. "जुने अंक शोधून काढतात. एक अंक उचलला की एक पोरगं वाचलं."

तेव्हा मी हसलो होतो.

दोन हजार अठराच्या जुलैत तो एक पाकीट घेऊन इथे आला. त्यानं वर्तमानपत्रात 'जुनी मासिकं हवीत' म्हणून दोन ओळी दिल्या होत्या, त्याला उत्तर आलं होतं. खिंडीपलीकडच्या कामिनागासे गावाहून. 'माझ्या पतींचे सगळे अंक ठेवलेले आहेत. सप्टेंबरात घर पाडणार आहेत. त्याआधी येऊन घेऊन जावेत. कुसाका फुमिए.'

"तीच," तो म्हणाला.

"मग जा. आणि सांगून टाक एकदाचं."

"काय सांगू? की बाई, तुमचा नवरा माझ्या टिंबानं गेला?"

"हो. तेच."

तेरा ऑगस्ट, सोमवार. बोनचा पहिला दिवस, पितर घरी यायचा. तिनंच ती तारीख कळवली होती, त्या दिवशी मी घरी असते म्हणून. साडेचार वाजता तो इथून निघाला. आकाश भरलं होतं. मी त्याला म्हटलं, "उद्या जा." तो म्हणाला, "उद्या उद्या करत छत्तीस वर्षं गेली."

तो पोचला तेव्हा पावणेसात झाले होते. दुकानाची पाटी कधीच उतरवलेली. दारात एक सडपातळ बाई उकिडवी बसून भूर्जाची साल जाळत होती.

"हिरुमा-सान ना?" ती मान न वळवता म्हणाली. "थांबा हं जरा. हे जळून होऊ दे. यांना वाट दिसायला हवी."

तो तिच्या शेजारी उभा राहिला. साल जळून राख होईपर्यंत.

आत जेवण तयार होतं. गार शेवया, वांग्याचं सारण भरून भाजलेले ओयाकी, काकडीचं लोणचं. पितरांच्या देव्हाऱ्यापुढे एक ताट आधीच मांडलेलं. फोटोत एकतीस वर्षांचा माणूस, कानामागे पेन्सिल खोचलेली.

"तुम्ही ओळखत होता यांना?"

"नावानं… ओळखत होतो."

"मग चांगलं नाव ऐकलं नसेल." ती हसली. "सगळे हलगर्जी म्हणाले. सासरे तर दहनाच्या वेळी माणसांसमोर बोलले, काम येत नव्हतं आणि हात घालायची हौस. मीही तेच म्हणत आले. मुलाला कधी स्क्रू-ड्रायव्हर धरू दिला नाही. म्हटलं, बापावर जायचास. घ्या ना अजून एक, हे सारण यांना फार आवडायचं."

हिरुमानं ओयाकी घेतला. खाल्ला. आता बोलतो, आता बोलतो, असं त्याच्या मनात चाललं होतं. ताट रिकामं झालं. तिनं चहा ओतला. तोही पिऊन झाला. आणि तो म्हणाला, "मासिकं कुठे आहेत?"

मागच्या बाजूला जुनं दुकान होतं. नळ, ओटा, रिकामी फळी आणि मधोमध ते टेबल. ते यंत्र. "कोणी नेईना," ती म्हणाली. "गिऱ्हाईक यायचं, बघायचं, आणि विचारायचं, यावरच ना ते?" भिंतीला मासिकं महिन्यावार लावलेली. हिरुमानं बोट फिरवलं. मे. जून. ऑगस्ट.

"जुलैचा नाही."

"तो यांच्यापुढे उघडा पडला होता तेव्हा. मी तो शवपेटीत ठेवला यांच्याबरोबर. गेला जळून. शेवटी वाचत होते तो, म्हटलं सोबत असू दे."

शेवटचा सप्टेंबरचा. अजून वेष्टनात. "हे गेल्यावर आला. मी काही उघडला नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात पाऊस कोसळला. खिंडीतून रात्री जाऊ नका, दरड येते, असं म्हणत तिनं त्याच खोलीत गादी घातली. बाकी घर गळत होतं. ती निजायला गेल्यावर हिरुमानं सप्टेंबरच्या अंकाचं वेष्टन फाडलं. पान चौऱ्याण्णव. तीन ओळी होत्या. त्यानं त्या वाचल्या. अंक उशाशी ठेवला. सकाळी नक्की सांगायचं, असं ठरवून दिवा मालवला.

तो जागा झाला तेव्हा घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

पाऊस थांबला होता.

खोलीत घरघर येत होती. बारीक. यंत्र चालू झालं की तळातून येते, तशी. त्याला वाटलं, बाईनं बटण दाबलं असेल. पण त्यानं निजण्याआधी स्वतः पाहिलं होतं. टेबलाच्या तारेला पिनच नव्हती. तार मध्येच कापलेली होती.

त्यानं मान वळवली.

टेबलाची काच उघडलेली. खालून काठीचा टेकू दिलेला. टेबलाच्या पलीकडे एक माणूस गुडघे टेकून बसला होता. पांढरा शर्ट. घामानं अंगाला चिकटलेला. टॉर्च दातांत धरलेला. उजेड खाली, जमिनीवर.

जमिनीवर मासिक उघडं होतं.

हिरुमाला गादीवरूनच कळलं. स्वतःच्या हाताची रेघ माणूस ओळखतो. ती आकृती त्याची होती. जळून गेलेल्या अंकातली.

माणूस तारा सोलत होता. सावकाश. नीट. एकेक टोक पिळून, ओढून बघून, पुन्हा आकृतीकडे बघून. हिरुमा मला म्हणाला, "इतका नीटस हात मी दुसरा पाहिला नाही. हलगर्जी म्हणतात त्याला."

मग तो हात थांबला.

"काहीतरी… खटकतंय," माणूस म्हणाला.

टॉर्च दातांतच होता. तरी शब्द स्वच्छ.

नळातून एक थेंब पडला.

"पुढचा अंक… आला का?"

माणसानं वर पाहिलं नाही. फक्त वाट बघत राहिला. सवयीचं असल्यासारखा.

"आला का?"

"आला," हिरुमा म्हणाला.

तो रांगत गेला. उशाशी ठेवलेला अंक त्यानं पुढे सरकवला. उघडून. त्या पानावर. "ते टिंब… चुकीचं आहे. माझी चूक. मी काढलीय ती आकृती. जोडू नका. कुसाका-सान… जोडू नका."

उजेड त्या तीन ओळींवर आला.

एक बोट ओळींवरून फिरलं. पहिली. दुसरी. तिसरी. पुन्हा पहिली.

नळाचा थेंब.

पुन्हा पहिली…

"असं होय," माणूस म्हणाला.

मग, अगदी हळू, "म्हणजे मला काम येत होतं."

"हो. येत होतं. तुम्हाला येत होतं." हिरुमा रडत होता. त्याला वाटलं, झालं. पोचलं. उशिरा का होईना…

माणसानं मान वर केली. चेहरा फोटोतलाच. तरुण. डोळे हिरुमावर होते की हिरुमाच्या पलीकडे, ते कळत नव्हतं.

"पण मी तर…" तो म्हणाला. "जोडून बसलोय."

त्याचा डावा हात टेबलाच्या कडेकडे निघाला. लोखंडी पट्टीकडे. उजवा मागे. नळाकडे.

"नको!"

हिरुमानं झेप घेतली. दोन्ही हातांनी डावं मनगट धरलं. आणि ते… हातात आलं. खरं. गार. ओलं. थरथरत होतं, एकसारखं. त्यानं मागे ओढलं. अंगातली सगळी ताकद लावून ओढलं. मनगट थांबलं नाही. थांबायचं असतं, तर थांबलं असतं. ते फक्त… पुढे जात राहिलं.

धप्प.

अंधार.

घरघर बंद.

सकाळी पाचला दार सरकलं. फुमिए-सान उभी होती. हिरुमा टेबलापाशी बसलेला. रात्रभर तसाच. टेबलाची काच बंद. वर धूळ, तिच्यावर एका बोटाचा ठसासुद्धा नाही.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "बोनच्या पहिल्या रात्री असतंच. एवढाच आवाज. मी हल्ली उठत नाही."

मग हिरुमानं जमिनीला कपाळ टेकलं आणि सगळं सांगितलं. टिंब. ब्लेड. फोन. जेवायला गेलो ते. आणि रात्रीचं. त्याचं संपल्यावर तिनं जमिनीवरचा सप्टेंबरचा अंक उचलला. चष्मा नव्हता, हात लांब करून वाचला.

"तीनच ओळी?"

"हो."

"छत्तीस वर्षं दर बोनला मी दारात विस्तव पेटवते," ती म्हणाली, "आणि मनात म्हणते, या, आलात का, हलगर्जी माणूस. कालही म्हटलं. तुम्ही शेजारीच उभे होता."

हिरुमानं डोकं वर केलं नाही.

"ऑक्टोबरात मी पत्र लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलं होतं?"

"हो."

"उत्तर का नाही दिलं?"

ती थांबली. खरंच उत्तराची वाट पाहत थांबली. मग म्हणाली, "जा तुम्ही."

निघताना तिनं त्याला ओयाकी बांधून दिले. आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत म्हणून. दारात वाकून नमस्कारही केला. आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर हिरुमानं अंक शोधायचं सोडलं. दुकान उघडायचा, पण कामाला हात लावायचा नाही. संध्याकाळी इथे येऊन बसायचा. मी म्हटलं, "अरे, तू सांगितलंस ना? त्यानं ऐकलं ना? मग?"

"ऐकलं. म्हणून तर." तो कपाकडे बघत राहिला. "याआधी त्याला कळत तरी नव्हतं. आता कळून सवरून हात पुढे करावा लागणार. दरवर्षी."



सप्टेंबरात घर पाडलं. बाई मुलाकडे सायतामाला गेली. यंत्र भंगारात गेलं, पाडणाऱ्यांना मी स्वतः फोन करून विचारलं होतं. नोव्हेंबरात एका संध्याकाळी हिरुमा अचानक म्हणाला, "पुढच्या बोनला तो येणार कुठे? घरच नाही."

"मुलाकडे जाईल. बायको तिथेच आहे की."

"त्याला पत्ता कोण सांगणार?"

"तू नको ती काळजी करू नकोस."

"दारात विस्तवसुद्धा नसणार," तो म्हणाला. "अंधारात नुसता बसून राहील. कोणीतरी… सोबतीला हवं."

डिसेंबरच्या नऊ तारखेला, रविवारी, तो गेला. झोपेत. डॉक्टर म्हणाले, हृदय. चौसष्टावं चालू होतं. मी आणि त्याची बहीण, एवढेच होतो शेवटी. ते एकसष्ट अंक आम्ही जाळले. चुकूनही कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून. साडेचार हजारांतले एकसष्ट. उरलेले कुठे कुठे पडलेत कोण जाणे. एखाद्या माळ्यावर, एखाद्या खोक्यात… तुमच्यासारखं कोणीतरी शोधत असेल.

मला राहवेना. पुढच्या महिन्यात, सत्तावीस जानेवारीला, मी उदबत्ती घेऊन कामिनागासेला गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. लख्ख ऊन. रात्री गुडघाभर बर्फ पडलेलं. घराच्या जागी मोकळी जमीन, चहूबाजूंनी दोरी बांधलेली. विजेचा खांबही काढून नेला होता. सगळीकडे एकसारखं पांढरं. रस्त्यापासून तिथवर एक पाऊल उमटलेलं नाही, ना माणसाचं, ना कुत्र्याचं.

मी दोरी ओलांडली.

मध्यभागी… बर्फ नव्हतं.

चौकोन. टेबलाएवढा. कडा सुरीनं कापल्यासारख्या. खाली काळं सिमेंट. कोरडं. मी हातमोजा काढून तळवा टेकवला.

कोमट होतं.

चौकोनाच्या पलीकडे बर्फात दोन खळगे होते. गुडघे टेकून बसल्यासारखे.

आणि अलीकडे… मी उभा होतो तिथे, माझ्या बुटांच्या अगदी पुढे…

आणखी दोन.